मोंबासाचा धक्का ते आथीचं माळरान

फोन घरीच ठेवा. जिथे चाललो आहोत तिथे त्याचा काही उपयोग नाही. अंगात पांढरे सुती कपडे घाला. उद्या रात्रीपर्यंत त्यांचा रंग काय होतो ते बघालच. डोक्यावर जाड सोला टोपी, खिशात क्विनीनच्या गोळ्या आणि कमरेच्या कशात रुपये. हो, रुपयेच. सातव्या एडवर्डचं डोकं असलेला चांदीचा रुपया मुंबईत चालतो, तसाच तो तिकडेही चालतो.

साल १९०९, महिना जानेवारी. ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटीतून, डेकवर वळकटी पसरून तुम्ही मुंबईहून निघालात. समुद्राच्या निळ्या रंगाचा आता कंटाळा आला आहे. ईशान्येकडचा वारा सतत पाठीवर होता. आज पहाटे मात्र त्या वाऱ्यात काहीतरी वेगळं मिसळलं. ओला चिखल, लाकडाचा धूर, पिकलेला आंबा. डोळ्यांना किनारा दिसायच्या आधी नाकाला कळलं, आफ्रिका आली.

तुम्ही इथे हौसेने आलेला नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो. नैरोबीतल्या एका पेढीने तुम्हाला हिशेबनीस म्हणून बोलावलं आहे. सफारीला जाणाऱ्या साहेबांचं सामान बांधून देणारी ती पेढी. ओझी मोजायची, वजन करायचं, वहीत लिहायचं, आणि तांड्याबरोबर चालायचं. गाडी उद्या दुपारी आहे. म्हणजे मोंबासा बघायला हातात एक आख्खा दिवस आहे.

बोट किलिंदिनीच्या खोल खाडीत शिरते. दोन्ही काठांवर नारळी, मध्ये आंब्यांचे काळपट हिरवे घुमट, आणि त्या सगळ्यांच्या वर डोकं काढून उभी असलेली जाडजूड राखाडी गोरखचिंच. वसईकडे किंवा मुंबईत एखादी गोरखचिंच तुम्ही पाहिली असेल, तिचं मूळ घर हे. नांगर खळखळत खाली जातो आणि त्याच क्षणी बोटीला होड्यांचा वेढा पडतो. नावाडी ओरडतात, एकमेकांच्या होड्या वल्ह्याने ढकलतात, तुमची ट्रंक एकाच्या हातात, वळकटी दुसऱ्याच्या. शिडी हलते. खालची होडीही हलते. दोन्ही एका पातळीवर येतील तो क्षण साधून उडी मारायची असते. मारा! घोटाभर पाण्यात का होईना, पोचलात.

वर रस्त्यावर आलात की घोडागाडी शोधू नका. इथे रस्त्याच्या मधोमध अरुंद रूळ आहेत. त्यांवर छोट्या चाकांची ट्रॉली, तिच्यावर बाक, बाकावर कापडाचं छत. मागे दोन माणसं. तुम्ही बसता, ती धावत सुटतात. चढावर त्यांचे तळपाय धूळ उडवत आपटतात, मानेवरून घाम ओघळतो. उतार लागला की ती मागच्या फळीवर उडी मारून उभी राहतात, आणि ट्रॉली आपल्या आपण खडखडत सुटते. केस उडतात, टोपी धरावी लागते. समोरून दुसरी ट्रॉली आली तर एकीने रूळ सोडायचा. तुम्ही हिशेबनीस आहात, समोर कुणी साहेब आहे. उतरा खाली. तुमची ट्रॉली चौघे मिळून उचलतात, बाजूला ठेवतात, साहेब निघून गेला की परत रुळावर.

जुन्या शहरात ट्रॉली सोडून पायी चला. न्दिया कू हा इथला मुख्य रस्ता, पण दोन्ही बाजूंची घरं इतकी जवळ आली आहेत की दुपारीही खाली सावली असते. घरं प्रवाळाच्या दगडाची, वर चुन्याचा गिलावा. एखाद्या भिंतीचा गिलावा पडला आहे तिथे हात लावून बघा. दगडात शंख-शिंपल्यांचे ठसे अजून शाबूत आहेत. आत डोकावलंत तर एक गोष्ट लक्षात येईल, खोल्या सगळ्या अरुंद. छताला कांदळाचे वासे आहेत, आणि कांदळ ज्या लांबीचा मिळतो तेवढीच खोलीची रुंदी. झाडाने घराचं माप ठरवलं आहे.

दारांवर कोरीव काम. ओट्यावर बसलेला म्हातारा तुम्हाला बघून हात वर करतो, "करिबू!" या म्हणतो. रंगीबेरंगी कांगा गुंडाळलेल्या बायका हसत, मोठ्याने बोलत जातात. त्यांच्या केसांतला मोगरा आणि खोबरेल यांचा वास गल्लीत मागे राहतो. एका दारातून नारळाच्या दुधात शिजणाऱ्या तुरीचा वास येतो, बरोबर कढईतून निघणारे गोडसर महाम्री. भूक लागली असेल तर थांबा, पैसे द्या, खा. सुट्टे म्हणून परत मिळतील ती नाणी मधोमध भोक पाडलेली आहेत. इथली माणसं ती दोऱ्यात ओवून गळ्यात घालतात. खिसा नसला तरी अडत नाही.

आता उताराने खाली, जुन्या बंदराकडे. इथला वास सोसायची तयारी ठेवा. सुकी मुशी! अरबस्तानातून गलबतं भरून आलेली, उन्हात तापलेली, धक्क्यावर रचलेली. पहिल्या श्वासाला डोळ्यांत पाणी येतं, दहाव्या श्वासाला सवय होते. ईशान्येचा वारा डिसेंबरपासून वाहतो, त्याच्यावर स्वार होऊन ही गलबतं येतात. एप्रिलनंतर वारा उलटला की परत फिरतात. तोवर इथे मुक्काम, दुरुस्ती, भांडणं, लग्नंसुद्धा. मस्कतचा खजूर, इराणचे गालिचे, कच्छच्या मांडवीहून आलेलं कापड, मंगळुरी कौलं. परतीच्या प्रवासासाठी कांदळाचे वासे लादले जात आहेत, कारण अरबस्तानच्या किनाऱ्यावर घरं बांधायला लाकूड नाही. खलाशी एका सुरात ओरडत दोर खेचतात. सुताराचा हातोडा फळ्यांच्या फटीत कापूस ठोकतो आहे. शार्कच्या तेलाचा हात लाकडावरून फिरतो आणि मुशीच्या वासात आणखी एक वास मिसळतो.

कस्टमच्या अंगणात मात्र गडबड कमी आहे. तिथे सावलीत हस्तिदंत मांडून ठेवले आहेत. लहान, मोठे, काही तुमच्या उंचीचे. जवळ जा. वाटतो तसा पांढराशुभ्र रंग नाहीच. बाहेरून ते तपकिरी आहेत, भेगाळलेले, मातीने माखलेले. मुळाकडचा भाग पोकळ असतो. त्यात हात घातलात तर मोठ्या दाताच्या आत तो कोपरापर्यंत जातो. तेवढा भाग हत्तीच्या कवटीत होता. तराजू फ्रासिलाच्या मापाने तोलतो, एक फ्रासिला म्हणजे सुमारे सोळा किलो. कारकून पुकारतो, दुसरा लिहितो. यातले काही लंडनला जातील, काही मुंबईला. मुंबईच्या बाजारात त्यांचे चुडे होतील.

पलीकडच्या गुदामात उलट्या दिशेला जाणारा माल. अमेरिकानी नावाच्या जाड्याभरड्या कापडाचे गठ्ठे, पितळी आणि तांब्याच्या तारांची वेटोळी, काचेच्या मण्यांच्या माळा. बोहरी दुकानदार तुम्हाला समजावून सांगतो, की मणी कुठलेही नेऊन चालत नाहीत. एका मुलखात लाल खपतो, दुसऱ्यात निळा, आणि आवड बदलली की गुदामातला माल तसाच पडून राहतो. हे नीट ऐकून ठेवा. हस्तिदंत खाली येतो, कापड आणि मणी वर जातात. समुद्रकाठचं हे देखणं शहर त्या ये-जा करणाऱ्या मालावर उभं आहे. उद्या तुम्ही त्याच वाटेने वर जाणार आहात.

संध्याकाळी ऊन उतरलं की फोर्ट जीझसच्या भिंतीपाशी या. किनाऱ्याच्या खडकातूनच वर आलेला हा किल्ला पोर्तुगीजांनी १५९३ साली बांधायला घेतला. आराखडा केला जोआंव बातिश्ता कायरातो याने, गोव्याहून चालणाऱ्या पोर्तुगीज कारभाराचा तो मुख्य वास्तुविशारद. म्हणून बुरुजांचे टोकदार कोन बघताना वसई किंवा दमणची आठवण होते. सध्या आत तुरुंग आहे, तुम्हाला जाता येणार नाही. वर झांजिबारच्या सुलतानाचा लाल झेंडा फडफडतो आहे. भिंतीखाली मुलं पाण्यात उड्या मारतात. कॉफीवाला येतो. लांब चोचीचं पितळी भांडं, खाली निखारे, हातात चिनी मातीच्या दोन-तीन वाट्या. त्या एकमेकींवर आपटून तो किण किण वाजवतो, तीच त्याची आरोळी. कॉफी काळी, कडू, आल्याने झणझणीत. घोट घ्या. कपाळावर घाम येतो आणि त्याच घामावर समुद्राचा वारा लागतो. मोंबासात थंड होण्याची पद्धत हीच.

रात्री मच्छरदाणी चारही बाजूंनी गादीखाली खोचा. क्विनीन विसरू नका.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्टेशनवर या, जरा लवकरच. इथली पाटी इंग्रजी, पण कानावर पडते गुजराती, पंजाबी, कोंकणी आणि स्वाहिली. तिकीटबाबू गोव्याचा, स्टेशनमास्तर पंजाबचा, ड्रायव्हरही बहुधा तिकडचाच. रूळ आपल्याकडच्या मीटरगेजचे. हा लोहमार्ग १८९६ साली याच बेटावरून निघाला आणि १९०१ साली व्हिक्टोरिया सरोवराला पोचला. तो बांधायला भारतातून सुमारे ३२,००० माणसं आणली होती. त्यांतली २,४९३ इथेच मेली.

पहिल्या वर्गात साहेबलोक, खिडकीतून बंदुकांच्या लांब चामडी पेट्या आत जात आहेत. तुमचं तिकीट दुसऱ्या वर्गाचं. डब्यातून डब्यात जायला वाट नाही, जेवणाचा डबा नाही. काल ज्या गुजराती बिऱ्हाडात उतरला होतात तिथून ठेपले, लोणचं आणि लाडू बांधून घेतले आहेत ना? सुरई भरून घेतलीत ना? मग ठीक.

शिट्टी. गाडी माकुपाच्या पुलावरून बेट सोडते. पहिला तासभर सगळं हिरवं आहे. नारळी, केळी, रबाईच्या टेकड्या, मागे वळून बघितलं तर खाली खाडीची निळी बोटं. वळणावर इंजिन दिसतं, लाकडं खाऊन धावणारं. धुरात ठिणग्या असतात. एखादी तुमच्या बाहीवर बसली तर चटकन झटका, नाहीतर भोक पडेल. मग मारियाकानी मागे पडतं आणि हिरवा रंग कुणीतरी पुसून टाकावा तसा नाहीसा होतो. तारूचं वाळवंट सुरू झालं.

वाळवंट म्हटल्यावर वाळू शोधू नका. काटेरी, राखी, निष्पर्ण झुडपं, एकमेकांत गुंतलेली, क्षितिजापर्यंत. आणि खाली लाल माती. तिचं पीठ होऊन ते डब्यात येतं. खिडकी लावली तर गुदमरायला होतं, उघडली तर धूळ. ओठांवर तिची चव लागते, लोखंडासारखी. ठेपल्यावर ती बसते, सुरईच्या तोंडाशी तिचा गाळ होतो. समोरच्या पंजाबी मिस्त्रीची पांढरी दाढी गेरूत बुडवल्यासारखी झाली आहे आणि तो तुमच्याकडे बघून हसतो आहे, कारण तुमच्या भुवयांचंही तेच झालं आहे. रेल्वे नव्हती तेव्हा हा टप्पा डोक्यावर ओझं घेऊन चालत ओलांडायचे. पाणी साठलेला एखादा खडकातला खड्डा कोरडा निघाला, की माणसं वाटेवर बसायची आणि उठायची नाहीत.

अंधार पडल्यावर वोई येतं. गाडी जेवणासाठी थांबते. डाक बंगल्यात कंदिलांच्या उजेडात साहेबांची टेबलं लागली आहेत, काटे-चमचे वाजतात. तुम्ही फलाटावर उतरा, पाय मोकळे करा. नळावर तोंड धुवा. हातातून खाली पडणारं पाणी विटकरी आहे. स्टेशनच्या मागच्या चाळीत कुणीतरी चहा उकळतो आहे, त्यात वेलची आहे. तिथे जा. एवढ्या दुरून आलेल्या माणसाला ते चहा दिल्याशिवाय सोडत नाहीत.

पुढचा टप्पा रात्रीचा. मिस्त्री पाय वर घेऊन बसतो आणि आवाज खाली आणून बोलू लागतो, कारण आता त्सावो येणार. तो तेव्हा इथे होता.

१८९८ साली या नदीवर पूल बांधताना दोन सिंह माणसांच्या मागे लागले. आयाळ नसलेले दोन नर. काट्यांची कुंपणं घातली, रात्रभर शेकोट्या पेटवल्या, डबे बडवले. ते कुंपणातून वाट काढून यायचे आणि तंबूतून माणूस ओढून न्यायचे. "ओरडणं ऐकू यायचं," मिस्त्री म्हणतो, "आणि मग हाडं फुटल्याचं. त्यानंतर कुणी बोलायचं नाही." लोक झाडांवर खाटा बांधून झोपू लागले. एका रात्री एकाच झाडावर इतके चढले की झाडच कोसळलं. शेवटी शेकडो मजूर मालगाडीसमोर रुळावर आडवे पडले, ती थांबवली आणि तिच्यात चढून मोंबासाला निघून गेले. पुलाचं काम तीन आठवडे बंद. पूल बांधणारा इंजिनियर पॅटरसन याने डिसेंबरात दोन्ही सिंह मारले. एकेक उचलायला आठ माणसं लागली. परत आलेल्या मजुरांनी त्याला चांदीचं भांडं भेट दिलं. पॅटरसनच्या हिशेबात २८ भारतीय मजूर गेले. आफ्रिकन मजूर किती गेले, याची कुणी नोंदच ठेवली नाही.

चाकांचा आवाज बदलतो. पोकळ, घुमणारा. गाडी पुलावर आहे. खाली काळं पाणी, काठावर डूम पामचे आकार. मिस्त्री खिडकीतून हात बाहेर काढून कठड्याकडे बोट दाखवतो. यातल्या काही दगडांना त्याचा हात लागलेला आहे. तुम्ही खिडकीची झडप लावून घेता. लावा, त्यात काही चूक नाही. १९०० साली किमा स्टेशनवर रायल नावाचा पोलीस अधिकारी सिंहाची वाट बघत डब्यातच बसला होता, आणि सिंहाने त्याला डब्यातूनच उचलून नेलं.

थंडीने जाग येते. हो, थंडी! रात्रभरात गाडी हजारो फूट वर चढली आहे. वळकटीतली घोंगडी अंगावर घ्या आणि डाव्या खिडकीला या. लांब दक्षिणेला, ढगांच्या वर, जमिनीशी काही संबंध नसल्यासारखा एक पांढरा घुमट तरंगतो आहे आणि तो हळूहळू गुलाबी होतो आहे. किलिमांजारो. विषुववृत्ताजवळ बर्फ. बघून घ्या, सूर्य वर आला की ढग त्याला झाकून टाकतात.

आणि मग झुडपं संपतात. कापिटीचं माळरान, पुढे आथीचं. पिवळं गवत, वर प्रचंड आकाश, आणि गवतावर जनावरं. किती, हे सांगायला तुमची हिशेबाची वही पुरणार नाही. झेब्र्यांचे कळप रुळाशेजारी उभे, इतके जवळ की त्यांच्या पोटावरच्या गोमाश्या दिसतात. लांबट, उदास चेहऱ्याचे कोंगोनी. न्यू, दाढ्या हलवत, काही कारण नसताना गोल धावणारे. थॉमसनची छोटी गॅझेल, कुशीवर काळा पट्टा, आणि शेपूट जी एक क्षण थांबत नाही. शहामृगाचा नर गाडीशी शर्यत लावतो आणि पंख पसरून बाजूला वळतो. दूर बाभळींच्या शेंड्यांवरून जिराफांची डोकी. गाडीची शिट्टी होते, जवळचे शंभरभर मान वर करतात, परत चरायला लागतात.

रुळाच्या डाव्या अंगाचा मुलूख राखीव आहे, तिथे शिकारीला बंदी. उजवीकडे परवाना लागतो. शिकाऱ्याचा पूर्ण परवाना ७५० रुपयांचा. येत्या एप्रिलमध्ये अमेरिकेचं राष्ट्राध्यक्षपद नुकतंच सोडलेला रूझवेल्ट याच मार्गाने येणार आहे. इंजिनाच्या पुढ्यात बाक बांधून तो त्यावर बसेल. तो आणि त्याचा मुलगा मिळून ५१२ जनावरं मारतील. तुमच्याकडे बंदूक नाही, हे बरं आहे. नुसतं बघायला डोळे मोकळे राहतात.

दुपारी नैरोबी. दहा वर्षांपूर्वी इथे दलदल होती, आता पत्र्याचं गाव आहे. पत्र्याची दुकानं, पत्र्याची हॉटेलं, ऊन चढलं की पत्रे कडकड वाजतात. भारतीय बाजारात मसाल्यांचा, रॉकेलचा आणि कातड्यांचा वास एकत्र येतो. रस्त्यात झेब्र्यावर बसून कुणी चाललेलं दिसलं तर डोळे चोळू नका. ते डॉक्टर रोझेंदो आयरीस रिबेरो, गोव्याचे. माणसाळवलेल्या झेब्र्यावरून ते रुग्ण बघायला जातात.

तुमचं काम पेढीच्या अंगणात. तंबू, खाटा, पत्र्याच्या पेट्या, पिठाची पोती, गुंडाळी होणारा कापडी टब, साहेबाची बाटल्यांची पेटी. प्रत्येक नग काट्याला लावायचा. साठ पौंड, म्हणजे सत्तावीस किलो. त्यापेक्षा जास्त भरला तर सोडवायचा, कमी भरला तर भर घालायची. एका माणसाचं एक ओझं. काट्याच्या पलीकडे हमालांची रांग आहे. अंगात निळी जर्सी, खांद्यावर घोंगडी, पाय अनवाणी. बरेच किनाऱ्याकडचे आहेत, बरेच उन्यामवेझीच्या मुलखातले; त्यांचे बाप-आजे हस्तिदंत उचलून मोंबासाला, बागामोयोला जायचे. परवा कस्टमच्या अंगणात ज्या पोकळ दातात तुम्ही हात घातलात, तसे दात रेल्वे येण्याआधी याच माणसांच्या खांद्यावरून समुद्रापर्यंत पोचत होते. तुमच्या समोरचा तरुण ओझं उचलायच्या आधी ते एकदा उलटं करून बघतो, कुठला कोपरा टोचेल ते चाचपतो, गवताची चुंबळ पिळून डोक्यावर ठेवतो, मग गुडघ्यात वाकून एका झटक्यात पेटी वर. मान ताठ, हात मोकळे. तुमच्या वहीत तो एक आकडा आहे. त्याचं नाव विचारा. तो सांगतो आणि तुमचंही विचारतो.

कुडूच्या शिंगाचा पोंगा फुंकला जातो आणि तांडा निघतो. पुढे एकजण गाण्याची ओळ टाकतो, मागचे उचलतात, काठ्या पेट्यांवर वाजतात. दिंडी चालते तसा सगळा तांडा एका तालात पुढे सरकतो, आणि त्या तालात तुमचेही पाय आपोआप पडू लागतात. दहा वाजेपर्यंत ऊन टाळूत शिरतं. गवताच्या बिया मोज्यांतून टोचतात. पायांवरच्या गोचिडी मोजणं तुम्ही सोडून देता. गवताचा वास, घामाचा वास, आणि अचानक उग्र, तिखट वास, सगळे थबकतात. गेंडा, वाऱ्याच्या वरच्या बाजूला. तो डोकं हलवतो, शिंकरतो, दुसरीकडे निघून जातो. हमाल हसतात, आणि आधीपेक्षा मोठ्याने गाऊ लागतात.

दुपारनंतर पाण्याजवळ मुक्काम. अर्ध्या तासात माळावर गाव उभं राहतं. तंबू ठोकले जातात, काटेरी फांद्यांचं कुंपण पडतं, चुलींची धग सुरू होते. तुम्ही मापाने मक्याचं पीठ वाटता, रोजचं दीड पौंड दर माणशी. ते उकळत्या पाण्यात पडतं आणि लाकडी दांड्याने घोटून त्याची उगाळी होते. काड्यांवर मांसाच्या पट्ट्या, चरबी निखाऱ्यात पडून चरचरते. तुम्ही मांस खात नसाल तर उगाळीचा गोळा आणि तुमचं उरलेलं लोणचं. लोणचं त्या तरुण हमालाला द्या. तो चाखतो, डोळे मिटतो, आणि परत हात पुढे करतो.

रात्री चुली मंदावतात. तरस हेल काढून ओरडतात. मग खूप लांबून, जमिनीतूनच यावा तसा तो आवाज. आधी एक लांब सुस्कारा, मग गर्जना, मग छोट्या छोट्या घरघरीत विरत जाणारा शेवट. तो कानांच्या आधी छातीत ऐकू येतो. पहारेकरी काही न बोलता शेकोटीत आणखी दोन लाकडं टाकतो. तुम्ही घोंगडी हनुवटीपर्यंत ओढता, आणि त्सावोच्या मिस्त्रीने आवाज का खाली आणला होता ते तुम्हाला आता समजतं.

चला, परत या. कपडे झटका, ती लाल माती सहज निघणार नाही.

आज हाच प्रवास अगदी सोपा आहे. मोंबासाहून नैरोबीला २०१७ पासून नवी रेल्वे धावते, चोवीस तासांचं काम पाच-सहा तासांत होतं. त्सावो १९४८ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, तिथले हत्ती त्याच मातीत लोळून लाल झालेले दिसतात. केनियात शिकारीला १९७७ पासून बंदी आहे. फोर्ट जीझसमधला तुरुंग जाऊन संग्रहालय झालं, २०११ साली किल्ला जागतिक वारशाच्या यादीत आला. रायलला जिथून ओढून नेलं तो डबा नैरोबीच्या रेल्वे संग्रहालयात उभा आहे.

तरी बरेच प्रवासी समुद्रकिनारा वेगळा बघतात आणि जंगल वेगळं, मधलं अंतर विमानाने उडून जातात. तसं करू नका. हे शहर आणि हे माळरान एकाच वाटेची दोन टोकं आहेत, आणि ती वाट डोक्यावर ओझं वाहणाऱ्यांनी आणि रूळ टाकणाऱ्यांनी घडवली आहे. तेव्हा आधी मोंबासाला उतरा, जुन्या शहरात निदान एक रात्र काढा, संध्याकाळी आल्याची कॉफी प्या. मग दिवसाच्या गाडीचं तिकीट काढा, खिडकीजवळची जागा मागून घ्या, आणि त्सावो येईल तेव्हा हातातलं काम बाजूला ठेवून बाहेर बघा. इथला जुना लोहमार्ग बांधायला आपल्या देशातून गेलेले हजारो लोक परत आले नाहीत.